रिकॉलचा मेसेज आला, डीलर म्हणतो पार्ट नाही. मग गाडी चालवायची का?

नागपुरातल्या मानेवाड्याच्या एका भाऊंनी विचारलेला प्रश्न असा. गेल्या वर्षी त्यांनी कामठीच्या मित्राकडून साडेतीनशे सीसीची मोटारसायकल सेकंडहँड घेतली, आरसी रीतसर नावावर करून घेतली. पंधरा दिवसांपूर्वी त्या मित्राच्या मोबाइलवर कंपनीचा रिकॉलचा, म्हणजे दोष दुरुस्त करायला गाडी परत बोलावण्याचा, मेसेज आला: पुढच्या ब्रेकच्या मास्टर सिलिंडरमध्ये दोष असू शकतो, गाडी अधिकृत सर्व्हिस सेंटरला आणा, काम मोफत होईल. हे भाऊ गेले. काउंटरवर उत्तर मिळालं, "पार्ट तीन हफ्ते में आयेगा, तब तक आरामसे चलाओ." वर हेही ऐकवलं की गाडी सिस्टममध्ये तुमच्या नावावर नाही, वॉरंटी संपलेली आहे, सर्व्हिसिंग बाहेर केलेलं आहे, तेव्हा आधी एक पेड सर्व्हिस करून घ्या. यांनी ती केली. बिल २,६४० रुपये, त्यात 'ब्रेक फ्लुइड व ब्लीडिंग', म्हणजे ब्रेकचं तेल आणि पाइपातली हवा काढणं, ४२० रुपये. आणि तेव्हापासून ब्रेकचा लिव्हर पहिल्यापेक्षा नरम लागतोय. गाडी चालवू का, पैसे परत मिळतील का, तक्रार कुठे करू, असे तीन प्रश्न आहेत.

मी अकरा वर्षं एका डीलरच्या वर्कशॉपमध्ये काढली. हेल्पर म्हणून लागलो, टेक्निशियन झालो, शेवटची चार वर्षं सर्व्हिस अॅडव्हायझर म्हणून काउंटरच्या आतल्या बाजूला बसलो. आता नऊ वर्षं स्वतःचं गॅरेज आहे. म्हणजे "पार्ट नाही आला" हे वाक्य मी ऐकलंही आहे आणि शेकडो वेळा बोललोही आहे.

पैशाचं नंतर पाहू. आधी लिव्हर.

मास्टर सिलिंडर म्हणजे उजव्या हँडलवरची ती छोटी टाकी आणि तिच्या पोटातला पिस्टन. तुम्ही लिव्हर दाबता तेव्हा पिस्टनवरचा रबरी कप तेल पुढे ढकलतो, ते पाइपातून चाकाजवळच्या कॅलिपरपर्यंत जातं आणि त्यातले पॅड डिस्कला आवळतात. हा कप खराब झाला किंवा आतल्या नळीला ओरखडे पडले, तर तेल कपाच्या बाजूने निसटून मागे टाकीतच परततं. बाहेर एक थेंब सांडत नाही. त्यामुळे पार्किंगच्या फरशीवर डाग नाही म्हणून ब्रेक ठीक आहे, असं धरून चालू नका.

घरीच एक चाचणी करता येते. गाडी सपाट जागी उभी करा, इंजिन बंद. सिग्नलला जितक्या जोराने दाबता तितक्याच जोराने पुढचा लिव्हर दाबा आणि मोबाइलवर पूर्ण एक मिनिट लावून तसाच धरून ठेवा. बोटांचा जोर कमी न करता लिव्हर हळूहळू ग्रिपकडे बसत गेला, तर तेल आतल्या आत निसटतंय. मेसेजमध्ये ज्या दोषाबद्दल लिहिलंय तोच बहुधा तुमच्या गाडीत आहे. लिव्हर खाली बसत नाही, पण पहिल्या दाबाला स्पंजासारखा लागतो आणि पटापट तीन-चार वेळा दाबल्यावर कडक होतो, तर पाइपात हवा राहिली आहे. म्हणजे ब्लीडिंग नीट झालेलं नाही. तुमचा लिव्हर सर्व्हिसिंगनंतर नरम झाला म्हणता, त्यावरून माझा अंदाज दुसऱ्या कारणाचा आहे. अर्थात एकाच गाडीत दोन्ही असायला कोणाची ना नाही.

दोन्हीपैकी काहीही निघालं तरी ती गाडी व्हरायटी चौकाच्या गर्दीत घालू नका. "मागच्या ब्रेकवर काम चालवतो" म्हणणारे माझ्याकडे आठवड्याला दोन तरी येतात. ब्रेक लागला की गाडीचं वजन पुढच्या चाकावर जातं, त्यामुळे थांबवण्याचं मुख्य काम पुढचा ब्रेकच करतो. मागचा एकटा जोरात दाबला की हलकं झालेलं चाक लॉक होतं आणि घसरतं. जूनच्या पहिल्या पावसात आपल्या सिमेंट रोडवर धूळ आणि ऑइलचा जो चिकटा होतो, त्यावर हे करून बघायची गरज नाही. छोटा हत्ती करा, गाडी त्यात बांधून न्या. दोरीने टोचन लावून तर मुळीच नको. ब्रेकचाच दोष असलेली दुचाकी दोरीवर ओढणं म्हणजे आगीतून फुफाट्यात. आणि भाडं देण्याआधी कंपनीच्या कस्टमर केअरला फोन करून गाडी घेऊन जायची सोय मागा. ब्रेकच्या कामासाठी अडून बसलं की अनेकदा पिकअप मिळतो. न मागणाऱ्याला मात्र कोणी आपणहून देत नाही.

आता ते "आरामसे चलाओ." यावर माझ्याकडे एक साधा उपाय आहे. काउंटरवर शांतपणे म्हणा, "ठीक आहे भाऊ, पार्ट येईपर्यंत गाडी चालवायला सुरक्षित आहे, एवढं जॉब कार्डवर (गाडीच्या कामाच्या नोंदीच्या कागदावर) लिहून सही-शिक्का द्या." कोणी लिहून देत नाही. मी चार वर्षांत एकदाही दिलं नाही. पण हे मागितलं की समोरचा माणूस उठून आत मॅनेजरकडे जातो, आणि मघाशी नसलेला पार्ट अमरावतीच्या किंवा वर्ध्याच्या डीलरकडून मागवता येतो का याची चौकशी सुरू होते.

नाव, वॉरंटी आणि बाहेरचं सर्व्हिसिंग या तिन्ही गोष्टींचा रिकॉलशी संबंध नाही. रिकॉल चेसिस नंबरला चिकटलेला असतो. अमुक तारखेपासून तमुक तारखेपर्यंत बनलेल्या गाड्यांत दोषी पार्टची लॉट गेली असं कंपनीला आढळतं आणि तेवढ्या नंबरांची यादी निघते. रॉयल एनफिल्डने मे २०२१ मध्ये क्लासिक, बुलेट आणि मीटिऑर मिळून २,३६,९६६ गाड्या इग्निशन कॉइलसाठी परत बोलावल्या, त्या डिसेंबर २०२० ते एप्रिल २०२१ मध्ये बनलेल्या होत्या. त्याच वर्षी डिसेंबरात नव्या क्लासिक ३५० च्या २६,३०० गाड्या मागच्या ड्रम ब्रेकच्या रिअॅक्शन ब्रॅकेटसाठी बोलावल्या, त्या १ सप्टेंबर ते ५ डिसेंबर २०२१ मधल्या. ब्रेक लावला की ड्रमची प्लेट चाकाबरोबर फिरायला बघते. तिला स्विंग आर्मला, म्हणजे मागचं चाक धरणाऱ्या दांड्याला, धरून ठेवायचं काम हा ब्रॅकेट करतो. तो जोराच्या ब्रेकिंगखाली खराब होऊ शकतो, एवढाच मुद्दा होता. गाडी पहिल्या मालकाकडे आहे की तिसऱ्या, याने त्या ब्रॅकेटला काय फरक पडतो?

चेसिस नंबर सतरा अक्षरांचा असतो. आरसीवर आहे, आणि बहुतेक मोटारसायकलींवर हँडलखालच्या मानेवर कोरलेला असतो; चिखल पुसून टॉर्च मारली की दिसतो. आपल्याकडच्या बहुतेक गाड्यांचा एमए ते एमई यांपैकी एका जोडीने सुरू होतो, आणि दहावं अक्षर सहसा वर्ष सांगतं: एम म्हणजे २०२१, एन २०२२, पी २०२३. हा नंबर कंपनीच्या वेबसाइटवर टाकून पाहा. काउंटरवर गेलात की अॅडव्हायझरला तुमच्यासमोर तोच नंबर सिस्टममध्ये टाकायला सांगा. गाडीवर कॅम्पेन, म्हणजे रिकॉलचं काम, बाकी असेल तर स्क्रीनवर दिसतं. स्क्रीनचा फोटो काढू देत नसतील तर निदान कॅम्पेनचा क्रमांक जॉब कार्डवर उतरवून घ्या. आणि त्याच बैठकीत स्वतःचा मोबाइल नंबर सिस्टममध्ये बदलून घ्या. आरटीओत नाव बदललं म्हणून कंपनीकडे ते आपोआप पोचत नाही. तुमच्या मित्राने मेसेज पुढे पाठवला हे तुमचं नशीब. एरवी लोक असले मेसेज वाचण्याआधीच डिलीट करतात.

मग डीलर टाळतो काहून? तो वाईट असतो म्हणून नव्हे. रिकॉलच्या कामाचा मेहनताना त्याला ग्राहकाकडून मिळत नाही, कंपनीकडून मिळतो, तोही कंपनीने ठरवलेल्या मिनिटांच्या हिशेबाने आणि काउंटरच्या दरापेक्षा कमी. क्लेम टाकायचा, जुन्या पार्टला टॅग लावून सांभाळायचा, परत पाठवायचा, आणि पैसे पुढच्या महिन्यात कधीतरी. त्याच तासात त्याच रॅम्पवर दोन पेड सर्व्हिस निघतात. शनिवारी सकाळी दहाला तुम्ही रिकॉलसाठी रांगेत उभे राहिलात तर तो तुम्हाला "सोमवारी या" म्हणणार, हे ठरलेलं. म्हणून मंगळवार ते गुरुवार, सकाळी शटर उघडताना जा, आणि महिन्याचा शेवटचा आठवडा टाळा.

महिनाअखेरीचं कारण सांगतो. मी ज्या वर्कशॉपमध्ये होतो तिथे एकदा मागच्या ब्रेकच्या बोल्टचं कॅम्पेन आलं होतं. बोल्ट बदलायचा, टॉर्क रेंचने आवळायचा आणि डोक्यावर पिवळ्या मार्करचा ठिपका द्यायचा, म्हणजे काम झाल्याची खूण. महिना संपायला दोन दिवस होते आणि वरून आकडा मागितला जात होता. काटोलचे एक संत्रेवाले काका गाडी ठेवून गेले, संध्याकाळी घेऊन गेले. दुसऱ्या दिवशी दहा वाजता परत दारात. खिशातून वही काढली. आदल्या दिवशी गाडी देताना त्यांनी त्या बोल्टवर खिळ्याने एक बारीक रेघ ओढून ठेवली होती. म्हणाले, "बाबू, बोल्ट बदलला म्हणता, मग माही रेघ अजून काहून दिसून राहिली?" मी वाकून पाहिलं. रेघ होती, आणि तिच्यावरच पिवळा ठिपका होता. सिस्टममध्ये ते काम आदल्या संध्याकाळीच 'क्लोज' झालं होतं आणि त्या जॉब कार्डवर अॅडव्हायझर म्हणून सही माझी होती. मी फक्त ठिपका पाहून सही केली होती. काकांना बसवून चहा पाजला, बोल्ट माझ्यासमोर बदलून दिला. त्यानंतर मी तिथे वर्षभरच टिकलो.

तुमच्या मास्टर सिलिंडरवर रेघ ओढायची गरज नाही, पण गाडी देण्याआधी त्याचा जवळून फोटो घ्या. त्यावरची अक्षरं, तेलाच्या छोट्या टाकीच्या झाकणाचे स्क्रू, पाइप सिलिंडरला जोडणारा बॅन्जो बोल्ट, सगळं स्पष्ट दिसेल असा. परत घेताना पुन्हा तोच कोन, तोच फोटो. नवा सिलिंडर ओळखू येतो: स्क्रूंच्या खाचा अस्पर्शित असतात, रंगाला चमक असते. बॅन्जो बोल्टच्या दोन्ही बाजूंचे वॉशर नवे टाकले का, हे विचारा. जुनेच लावले की महिन्याभरात तिथून तेल पाझरतं. आणि पेट्रोलच्या टाकीवर तेलाचे ओघळ असतील तर लगेच पाण्याने धुवून मागा, ब्रेक ऑइल रंग खातं. जुना सिलिंडर घरी न्यायचा हट्ट मात्र करू नका. रिकॉलमध्ये काढलेला पार्ट डीलरला कंपनीला दाखवावा लागतो. फक्त दाखवा म्हणा आणि त्याचाही फोटो घ्या.

कधी कधी पार्ट बदलतच नाहीत, तपासून 'ओके' म्हणून परत देतात. यात दरवेळी लबाडी नसते. वर सांगितलेल्या कॉइलच्या रिकॉलमध्ये कंपनीने सुरुवातीलाच सांगितलं होतं की दहा टक्क्यांहून कमी गाड्यांचा पार्ट बदलावा लागेल. पण 'तपासलं, ठीक आहे' हे शब्द, तारीख आणि किलोमीटर जॉब कार्डवर हवेत. तोंडी 'ओके' म्हणजे उद्या काही झालं तर तुमच्याकडे काहीच नाही.

तुमच्या गाडीला एबीएस, म्हणजे ब्रेक लावताना चाक लॉक होऊ न देणारी यंत्रणा, असणार. एबीएसच्या युनिटमध्ये हवा अडकली तर काही मॉडेल्सवर नुसतं लिव्हर पंप करून ती निघत नाही, कंपनीचं डायग्नोस्टिक मशीन जोडून युनिट चालवावं लागतं. म्हणून हे ब्लीडिंग माझ्यासारख्या बाहेरच्या गॅरेजात करून घेऊ नका, निदान या वेळी तरी. एक तर बिघडवलं त्यांनी, दुरुस्तही त्यांनीच करावं. दुसरं, मध्ये तिसऱ्याचा हात लागला की "बाहर खोला है" म्हणायला त्यांना आयतं निमित्त मिळतं.

आता बिल. २,६४० पैकी इंजिन ऑइल, फिल्टर, वॉशिंग, जनरल लेबर हे तुम्ही घेतलेल्या सर्व्हिसचं आहे. रिकॉलसाठी पेड सर्व्हिसची अट घालणं चूक आहे, पण ऑइल गाडीत पडलेलं आहे आणि तुम्ही बिल दिलेलं आहे, त्यामुळे ते पैसे परत येतील अशी आशा मी तुम्हाला दाखवणार नाही. ब्रेक फ्लुइड आणि ब्लीडिंगचे पैसे मात्र मागाच. मास्टर सिलिंडर बदलायचा म्हणजे ते तेल काढून नवीन भरावंच लागतं. तीन आठवड्यांनी जे काम मोफत होणार, त्याचेच पैसे त्यांनी आधी लावले, आणि ते कामही नीट केलं नाही. आकडाही काय निवडलाय, चारशेवीस!

तेलावरून आठवलं. नवीन भरताना सीलबंद डबा तुमच्यासमोर फोडायला सांगा. डॉट ४ प्रकारचं ब्रेक तेल ताजं असताना किमान २३० अंशांपर्यंत उकळत नाही, पण ते हवेतला ओलावा पितं, आणि पाणी मुरलेलं तेल १५५ च्या आसपासही उकळू शकतं. तेल उकळलं की पाइपात वाफ होते आणि लिव्हर थेट ग्रिपला टेकतो. नागपूरच्या मेमध्ये, पंचेचाळीसच्या उन्हात, ट्रिपल सीट उतारावर ब्रेक घासत येणाऱ्या गाडीला ही चैन परवडत नाही. महिनाभर उघडा पडलेला अर्धा डबा मी वर्कशॉपच्या फळीवर खूपदा पाहिलाय.

तक्रारीची सुरुवात ईमेलने करा, भांडणाने नको. डीलरच्या सर्व्हिस मॅनेजरला लिहा, प्रत कंपनीच्या कस्टमर केअरला. चेसिस नंबर, किलोमीटर, जॉब कार्डचा नंबर आणि तारीख, लिव्हर नरम असल्याची नोंद, पार्टची ऑर्डर कधी टाकली याची विचारणा, तोवर गाडीचं काय करायचं हा प्रश्न, आणि ४२० रुपयांची मागणी. मराठीत लिहिलं तरी चालतं. कंपनीचे एरिया मॅनेजर डीलरकडे ठरावीक दिवशी येतात, तो दिवस विचारून त्या दिवशी प्रत्यक्ष जा. काउंटरवर महिनाभर अडलेलं काम त्या दिवशी दुपारपर्यंत होतं. काम त्याच डीलरकडे करावं असंही नाही. कंपनीचं कोणतंही अधिकृत सर्व्हिस सेंटर ते करतं, मग ते शहराच्या दुसऱ्या टोकाला असो की भंडाऱ्याला.

कायद्याचं थोडक्यात. २०१२ पासून वाहन कंपन्यांच्या सियाम या संघटनेची रिकॉलची आचारसंहिता होती, पण ती ऐच्छिक. २०१९ च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात कलम ११०-अ आलं, आणि १ एप्रिल २०२१ पासून त्याचे नियम लागू झाले. आता केंद्र सरकार कंपनीला रिकॉलचा आदेश देऊ शकतं, आणि आदेश द्यावा लागला तर गाड्यांच्या प्रकारानुसार आणि संख्येनुसार १० लाखांपासून १ कोटीपर्यंत दंड आहे. कंपनीने दोष स्वतःहून कळवून रिकॉल काढला तर तो दंड नाही. एवढ्या मेसेजांमागे हेही एक कारण आहे. दोषाची तक्रार नोंदवायला परिवहन मंत्रालयाच्या वाहन पोर्टलवर सोय आहे, सात वर्षांच्या आतल्या गाड्यांसाठी. मात्र तिथे तक्रारींची संख्या मोजली जाते आणि विकलेल्या गाड्यांच्या प्रमाणात ती ठरावीक मर्यादेपुढे गेली की चौकशीचं पाऊल उचललं जातं. तुमचे ४२० रुपये तिथून येत नाहीत. आरटीओच्या खिडकीवर तर यासाठी खेटे घालूच नका.

स्वतःच्या नुकसानीसाठी आधी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर नोंद करा, मराठीत बोलता येतं. डीलरपेक्षा कंपनीचं मुख्यालय तिथल्या तक्रारीला लवकर हलतं, हा माझा अनुभव. तरी काही झालं नाही तर नागपूरचा जिल्हा ग्राहक आयोग आहे, ई-जागृती पोर्टलवरून घरबसल्या दाखल करता येतं. तुम्ही मोजलेली किंमत पाच लाखांपर्यंत असेल तर फी नाही, आणि घटनेपासून दोन वर्षांची मुदत आहे. सर्व्हिसचं बिल तुमच्या नावावर असल्याने "गाडी तुमच्याकडून घेतलीच नाही" हा बचाव निदान त्या कामापुरता तरी चालणार नाही. ते बिल जपून ठेवा. थर्मल कागदावरचं असेल तर आजच झेरॉक्स काढा, उन्हाळ्यात गाडीच्या डिकीत राहिलं की महिन्यात कोरं होतं.